घरचा उद्योग : पिल्ले अंड्यातच का मरतात?

या महिन्याचा विषय सातपाटीच्या एका भगिनीच्या पत्राने ठरवला. त्यांचे पती मासळीच्या टेम्पोवर कामाला आहेत. १ जूनला मासेमारी बंद होते, होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात आणि टेम्पोही दारात उभा राहतो. ज्या गावाचे पापलेट मुंबईच्या पलीकडे जाते, त्या गावात पावसाळ्याचे दोन महिने घराघरांत हात आखडता घ्यावा लागतो. ते दोन महिने चार पैसे येत राहावेत म्हणून या भगिनीने भिशीचा नंबर लागताच ३० अंड्यांचे उबवणी यंत्र घेतले. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ३० गावठी अंडी घातली आणि २१ दिवस डोळ्यांत तेल घालून राखण केली. निघाली फक्त ७ पिल्ले. "यंत्र खराब, अंडी खराब की माझा हातच खराब?" असे त्यांनी विचारले आहे. घरातले म्हणतात, यंत्र विकून टाक. भिशीचे हप्ते मात्र अजून आठ महिने भरायचे आहेत.

असे प्रश्न बऱ्याच जणी विचारतात, पण या पत्रात एक गोष्ट वेगळी होती. न उबलेली २३ अंडी या बाईंनी खाडीत टाकली नाहीत. २३ व्या दिवशी परसात नेऊन एकेक फोडली आणि आत काय दिसले ते वहीत लिहून ठेवले. ५ अंड्यांत काहीच नव्हते, नुसता पिवळा बलक. ४ अंड्यांत रक्ताचा डाग किंवा वाटाण्याएवढा गर्भ होता. उरलेल्या १४ अंड्यांत पूर्ण वाढलेली पिल्ले होती. पिसे आलेली, पण मेलेली, आणि त्यांच्याभोवती चिकट पाणी. "पिल्ले जणू बुडून मेली," असे त्यांनी लिहिले आहे.

या तीन आकड्यांतच निदान आहे. डॉक्टर जसा ताप कधीपासून आहे हे आधी विचारतो, तसे इथे पिल्लू कितव्या दिवशी मेले हे आधी पाहायचे. अंडी न फोडता फेकून देणे म्हणजे रिपोर्ट न वाचता फाडून टाकणे. फोडताना तोंडाला ओढणी बांधावी, हातात पिशवी घालावी आणि हे काम घराबाहेर करावे, कारण सडके अंडे फटकन फुटते. फोडण्याआधी मोबाइलच्या उजेडात धरून आत हालचाल नाही ना, याची खात्री करावी. नंतर सगळे खड्ड्यात पुरावे.

आधी हिशेब नीट करू. ३० पैकी ७ म्हणजे शंभरात २३. पण त्या ५ वांझ अंड्यांचा दोष यंत्राकडे जात नाही. ती वगळली तर २५ फलित अंड्यांतून ७ पिल्ले निघाली, म्हणजे शंभरात २८. यंत्राचे आणि आपल्या राखणीचे माप हे दुसरे. फलित अंड्यांतून शंभरात ७५-८० पिल्ले निघाली तर घरगुती यंत्राने आपले काम चोख केले असे मी समजते. विकणारे ९५ सांगतात. ते ऐकून सोडून द्यावे.

वांझ अंड्यांचे कारण बहुतेक वेळा कोंबड्यांच्या खुराड्यात सापडते. गावठी कोंबड्यांत आठ-दहा माद्यांमागे एक जवान कोंबडा हवा. आपल्या घरांत पाहुणे आले की आधी कोंबड्यावरच सुरी फिरते, आणि ईदच्या आधी तर गावात कोंबडा दिसेनासा होतो. कोंबडा गेल्यावरही मादी आठ-दहा दिवस फलित अंडी देत राहते, मग ती अंडी हळूहळू वांझ होत जातात. बाईला वाटते, कोंबड्या तर रोज अंडी देताहेत! वरून अंड्यात काहीच फरक दिसत नाही. दुकानातली पांढरी अंडी घालून पाहणाऱ्याही काही जणी असतात. त्या पोल्ट्रीत कोंबडा ठेवतच नाहीत, त्यामुळे तिथल्या अंड्यातून पिल्लू निघायचे नाही. आणखी एक. एकच कोंबडा चार-पाच वर्षे ठेवला आणि त्याच्याच लेकींची अंडी घातली, तर अंडी फलित होतात पण गर्भ अशक्त निपजतात. वर्षा-दीड वर्षाने दुसऱ्या गावचा कोंबडा आणावा.

सुरुवातीच्या दिवसांत मेलेल्या ४ गर्भांकडे मी फार लक्ष देणार नाही. पहिल्या तीन-चार दिवसांत थोडे गर्भ सगळीकडेच मरतात. मात्र हा आकडा तिसातून आठ-दहावर गेला, तर अंडी घालण्यापूर्वीच खराब झाली असे समजावे. अंडे २०-२१ अंशांपेक्षा गरम जागी राहिले की गर्भ अर्धवट जागा होतो, थोडा वाढतो आणि मग दमतो. एप्रिल-मेमध्ये आपल्या किनारपट्टीवर पत्र्याखालच्या स्वयंपाकघरात तापमान कुठे असते, ते सांगायला नको. फ्रीजमध्ये ठेवली तर उलट फार थंड होतात, आणि बर्फाच्या पेटीत तर मुळीच ठेवू नयेत. घरातल्या सर्वांत गार कोपऱ्यात, जमिनीलगत, निमुळते टोक खाली करून ठेवावीत आणि चार-पाच दिवसांत यंत्रात घालावीत. आठवडा उलटला की रोज थोडी थोडी अंडी वाया जातात. मनोर किंवा विक्रमगडकडून अंडी मोटारसायकलवर आणली असतील, तर आल्या आल्या घालू नयेत. धक्क्यांनी आतला हवेचा कप्पा हललेला असतो. निमुळते टोक खाली ठेवून अर्धा-एक दिवस विसावा द्यावा. आणि अंडी धुऊ नका. कोंबडी अंडे घालते तेव्हा कवचावर एक पातळ साय असते, तीच जंतूंना बाहेर ठेवते. मळलेले अंडे खायला वापरा, उबवायला स्वच्छ निवडा.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ : पाण्यात बुडाल्यासारखी १४ पिल्ले.

अंड्याच्या कवचाला हजारो बारीक छिद्रे असतात. २१ दिवसांत त्या छिद्रांतून आतले पाणी थोडे थोडे उडत जाते आणि रुंद टोकाकडचा हवेचा कप्पा मोठा होत जातो. १८ व्या दिवसापर्यंत अंड्याचे वजन शंभरात ११ ते १३ ने कमी व्हायला हवे. विसाव्या दिवसाच्या सुमारास पिल्लू त्या कप्प्यात चोच घालते आणि आयुष्यातला पहिला श्वास घेते. कप्पा लहान राहिला असेल तर त्याला पुरेशी हवा मिळत नाही, आणि भोवती पाणी उरले असेल तर त्या श्वासाबरोबर पाणीच आत जाते. म्हणजे पिल्लू शेवटच्या दिवशी मेले तरी चूक पहिल्या अठरा दिवसांतली असते. अंड्यातले पाणी उडालेच नाही.

का उडाले नाही? त्या भगिनीने यंत्राबरोबर आलेल्या माहितीपत्रकात लिहिले होते तसे दोन्ही पाण्याचे कप्पे रोज भरले. माहितीपत्रकाला सातपाटी माहीत नाही. जून-जुलैमध्ये आपल्या किनाऱ्यावर हवेतला दमटपणा ८५ टक्क्यांच्या आसपास असतो. मीठ पाझरते, पापड मऊ पडतात, कपडे वाळत नाहीत. अशी २८ अंशांची ओली हवा यंत्रात शिरून साडेसदतीस अंशांवर तापली की तिचा दमटपणा हिशेबाने ५० टक्क्यांवर येतो. पहिल्या अठरा दिवसांना लागतो तोही ५० ते ५५. याचा अर्थ सरळ आहे. भर पावसाळ्यात सातपाटीसारख्या गावात पहिले अठरा दिवस यंत्रात पाणी घालायची गरज जवळपास नसतेच. हवेतच ते आयते आलेले असते. त्यावर आपण दोन कप्पे भरून ठेवले, तर आत ६५-७० टक्के होतात आणि अंडे सुकायचे थांबते.

तेच डिसेंबरच्या पहाटे पाहा. हवा १८-२० अंशांची आणि कोरडी. ती तापली की यंत्रातला दमटपणा २५ टक्क्यांच्या आसपास उतरतो. तेव्हा पाणी घातले नाही तर उलटा प्रकार होतो. अंडे फार सुकते, आतला पापुद्रा चामड्यासारखा घट्ट होतो आणि पिल्लू चोच मारूनही त्यात अडकून बसते. अंडे फोडल्यावर भोवती पाणी दिसले तर ओलावा जास्त झाला. पापुद्रा कोरडा आणि पिल्लाला चिकटलेला दिसला तर कमी झाला. म्हणून बोईसरच्या बहिणीने हिवाळ्यात जे केले ते तुम्ही पावसाळ्यात करायचे नाही. पाण्याच्या कप्प्याला ऋतू असतो.

दमटपणा दाखवणाऱ्या स्वस्त मीटरवर डोळे झाकून भरवसा ठेवू नका. पाच-दहा टक्के इकडे तिकडे दाखवणारे मीटर सर्रास मिळतात. ते तपासायचा उपाय घरातच आहे. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घेऊन त्यावर पाण्याचे काही थेंब टाका. मीठ ओले व्हावे, विरघळून जाऊ नये. ते झाकण आणि मीटर एका हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी मीटरने ७५ दाखवायला हवेत. ८२ दाखवले तर तुमचे मीटर ७ जास्त सांगते, तेवढे वजा करून वाचायचे.

मीटरपेक्षा मला तराजू जास्त खरा वाटतो. साधा किचनचा डिजिटल काटा चालेल. दहा अंडी निवडा, घालायच्या आधी प्रत्येकाचे वजन करून पेन्सिलीने त्याच्यावरच लिहा. ६ व्या, १२ व्या आणि १८ व्या दिवशी पुन्हा तोला. ६ व्या दिवशी शंभर ग्रॅममागे साधारण ४ ग्रॅम, १२ व्या दिवशी ८ आणि १८ व्या दिवशी १२ ग्रॅम घट यायला हवी. घट कमी असेल तर पाणी काढा, हवेची भोके उघडा. जास्त असेल तर पाणी वाढवा. मध्येच कळल्यामुळे सुधारायला वेळ मिळतो, हा याचा खरा फायदा.

हे सगळे त्या भगिनीला कळवले आणि जुलैतच त्यांनी २८ अंडी पुन्हा घातली. पहिले अठरा दिवस पाणी नाही, भोके उघडी. तोलायच्या दहा अंड्यांतले एक वांझ निघाले. उरलेल्या नऊ अंड्यांचे वजन ३८७ ग्रॅमवरून ६ व्या दिवशी ३७२, १२ व्या दिवशी ३५७ आणि १८ व्या दिवशी ३४२ ग्रॅम झाले. शेवटचे तीन दिवस पाणी घातले. १९ पिल्ले निघाली. अंडीही यावेळी त्यांनी दोन वेगळ्या घरांची आणली होती, तेव्हा सगळे श्रेय कोरड्या कप्प्याला देता येणार नाही. पण फोडलेल्या अंड्यांत बुडालेली पिल्ले फक्त दोन होती, ती मात्र त्याचीच किमया म्हणायला हरकत नाही. माशाअल्लाह, यंत्र विकायची गोष्ट घरात आता निघत नाही.

हवेची भोके हा एक वेगळाच झगडा आहे. उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून बायका भोकांवर चिकटपट्टी लावतात. पहिल्या आठवड्यात ते खपून जाते. पुढे आतली पिल्ले मोठी होतात, त्यांना श्वासाची हवा लागते, आणि शेवटच्या आठवड्यात तर बंद यंत्रात ती गुदमरतात. शिवाय ओलावा आतच कोंडतो.

तापमानाबद्दल सगळ्यांना एकच आकडा ठाऊक असतो, साडेसदतीस. तो पंखा असलेल्या यंत्राचा आहे. सातपाटीत मासळीच्या थर्माकोलच्या पेट्यांचा तोटा नाही, त्यामुळे पेटीत बल्ब लावून घरीच यंत्र करणारेही असणारच. पेटी नवी घ्या. मासळी ठेवलेल्या पेटीतला वास आणि जंतू कितीही घासले तरी जात नाहीत, आणि अंड्याच्या छिद्रांतून आत शिरायला त्यांना वेळ लागत नाही. बल्बही जुन्या तारेचा लागतो. एलईडी बल्ब उजेड देतो, ऊब देत नाही. पण मुद्दा असा की पंख्याविना पेटीत वरची हवा गरम आणि खालची थंड राहते. तिथे अंड्याच्या वरच्या टोकाच्या पातळीवर ३८.३ ते ३८.८ अंश हवेत, म्हणजे १०१ ते १०२ फॅरनहाइट. थर्मामीटर झाकणाला लटकवून साडेसदतीस वाचले, तर अंड्यापाशी त्याहून बरेच कमी असते. अशा पेटीतली पिल्ले २२ व्या-२३ व्या दिवशी रेंगाळत निघतात. पोट मोठे, मऊ, आणि चालायला जड. उलट तापमान जास्त झाले तर १९ व्या-२० व्या दिवशीच निघू लागतात, आकाराने लहान असतात आणि बेंबी ओली, रक्ताळलेली राहते. पिल्ले कोणत्या दिवशी निघाली ते कॅलेंडरवर लिहून ठेवा. थर्मामीटर खोटे बोलेल, कॅलेंडर बोलणार नाही.

थर्मामीटर तपासायला घरातले तापाचे थर्मामीटर चांगले. कोमट पाण्याच्या वाटीत तापाचे थर्मामीटर आणि यंत्राची तारेची घुंडी शेजारी शेजारी धरून दोन्ही आकडे ताडून पाहा. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत तारांचे सांधे गंजतात, म्हणून दर हंगामाला ही तपासणी करावी. आणि यंत्र कुठे ठेवता तेही पाहा. उन्हाची तिरीप, खिडकीचा वारा, चुलीची धग नको. मे महिन्यात पत्र्याखालची खोली ३८ अंशांवर गेली, तर यंत्र फक्त दिवा बंद करू शकते. गार करणे त्याच्या हातात नसते. थंडीने गर्भ रेंगाळतो, पण फाजील उष्णतेने तो काही तासांत मरतो, हे लक्षात ठेवा.

उष्णता मोजायची साधने नव्हती तेव्हाही लोक हे काम करतच होते. बगदादचे विद्वान अब्दुल लतीफ साधारण १२०० साली मिस्र देशात गेले होते. तिथे मातीच्या विटांच्या खोल्यांत शेणाच्या धगीवर हजारो अंडी उबवताना त्यांनी पाहिले आणि आपल्या प्रवासाच्या किताबात त्याचे बारकाईने वर्णन केले. तिथले जुने कारागीर अंडे डोळ्याच्या पापणीला लावून त्याची ऊब ओळखत. पापणीची कातडी फार नाजूक असते, तिला अर्ध्या-एका अंशाचा फरक कळतो. आपण थर्मामीटर सोडू नये, पण दिवसातून एकदा अंडे पापणीला लावायची सवय वाईट नाही.

वीज गेली तर काय? देशातले पहिले अणुवीज केंद्र शेजारच्या तारापूरला १९६९ पासून चालू आहे, तरी जूनच्या वाऱ्यात तारेवर नारळाची झावळी पडली की आपल्याकडे अंधारच. घाबरू नका. खुडूक कोंबडीसुद्धा दिवसातून पंधरा-वीस मिनिटे दाणापाण्याला उठते आणि अंडी गार होतात. एक-दोन तासांच्या खंडाने फारसे बिघडत नाही. झाकण उघडून पाहत बसू नका. यंत्रावर गोधडी घाला, हवेची भोके मोकळी ठेवा. वीज लवकर येण्याचे चिन्ह नसेल तर कोमट पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून कडेला ठेवा, अंड्यांना चिकटवून नको. वीज आल्यावर "भरपाई" म्हणून तापमान वाढवणाऱ्या बऱ्याच आहेत. तसे मुळीच करू नये. पिल्ले काही तास उशिरा निघतील, एवढेच.

अंडी फिरवण्याचे थोडक्यात. दिवसातून तीन किंवा पाच वेळा, म्हणजे विषम आकड्याने, की रात्री अंडे रोज एकाच कुशीवर राहत नाही. एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल, पेन्सिलीने. पेनची शाई नको. हात धुऊन, आणि हाताला मासळीचा किंवा तेलाचा अंश नको. न फिरवलेल्या अंड्यात गर्भ पापुद्र्याला चिकटतो. १८ व्या दिवसापासून फिरवणे बंद.

सातव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत मोबाइलच्या टॉर्चवर पुठ्ठ्याची नळी धरून अंडी पाहावीत. कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर जीव आहे. नुसती लालसर कडी दिसली तर गर्भ मेला. काहीच नाही तर वांझ. ही अंडी काढून टाकावीत, नाहीतर सडून शेजारच्यांनाही लागतात. चौदाव्या दिवशी पुन्हा एकदा पाहा. मधल्या आठवड्यात, म्हणजे ८ ते १४ दिवसांत, बरेच गर्भ मेलेले दिसले तर कोंबड्यांच्या खाण्याकडे वळा. तांदूळ आणि कोंडा एवढ्यावर ठेवलेल्या कोंबडीच्या अंड्यात गर्भ वाढवायला पुरेशी जीवनसत्त्वे नसतात. तिला मोकळी सोडा, पाला, किडे, शेवग्याची पाने मिळू द्या. शिंपल्यांचा चुरा कवचासाठी उत्तम आणि किनाऱ्यावर फुकट. खारवलेल्या सुक्या मासळीचे उरलेसुरले मात्र तिच्यापुढे टाकू नका, एवढे मीठ कोंबडीला बाधते.

शेवटचे तीन दिवस सर्वांत अवघड, कारण त्यात काही करायचे नसते. १८ व्या दिवशी पाण्याचे कप्पे भरा, पावसाळ्यातही. आता दमटपणा ६५ ते ७० हवा, म्हणजे पापुद्रा मऊ राहतो. मग झाकण उघडायचे नाही. पिल्लाने कवचाला पहिला टोचा मारल्यावर बाहेर यायला बारा ते चोवीस तास लागतात. मधल्या वेळात ते स्वस्थ पडते, आणि बाहेर मुले ओरडतात, "अम्मी, थकलं बिचारं, फोडू या ना!" त्या वेळी ते उरलेला बलक पोटात ओढून घेत असते आणि पापुद्र्यातल्या रक्तवाहिन्या आटत असतात. घाईने कवच सोलले तर रक्त येते आणि चांगले पिल्लू हातात मरते. दुसरे म्हणजे झाकण उघडले की ओली हवा निघून जाते आणि टोचा मारलेल्या बाकीच्या अंड्यांतला पापुद्रा वाळतो. एकाला वाचवायला गेलो आणि चौघे अडकले, असे होते. निघालेली पिल्लेही वाळेपर्यंत आत राहू द्या. पोटातल्या बलकावर ती दोन दिवस आरामात काढतात.

यंत्र असले तरी अंगणातली खुडूक कोंबडी हाकलू नका. गावठी कोंबडी दहा-बारा अंड्यांवर रवणाला बसली तर आठ-नऊ पिल्ले काढते. तिला वीज लागत नाही, मीटर लागत नाही आणि पुढे पिल्ले सांभाळायचे कामही तीच करते. टोपलीत कोरडे गवत आणि उवांसाठी थोडी राख, बस. माझ्या मते पावसाळ्यात ज्यांच्याकडे दोन खुडूक कोंबड्या आहेत त्यांनी आधी त्यांना बसवावे आणि उरलेली अंडी यंत्रात घालावीत. गिरिराज, वनराज अशा सुधारित जाती मात्र सहसा रवणाला बसत नाहीत, त्यांच्या अंड्यांना यंत्र किंवा गावठी दाईच लागते.

ज्यांना शिकून सुरुवात करायची आहे त्यांनी डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन यावे, किंवा मुंबईत गोरेगावच्या आरे वसाहतीत केंद्र सरकारचे कुक्कुट विकास केंद्र आहे तिथे प्रशिक्षणाची आणि पिल्लांची चौकशी करावी. विरार-डहाणूच्या गाडीने सकाळी निघालात तर संध्याकाळी घरी.

पिल्ले यंत्रातून काढल्यावर पहिला आठवडा त्यांना बल्बखाली साधारण ३५ अंशांची ऊब द्या आणि पुढे दर आठवड्याला तीन-एक अंश कमी करा. ती बल्बखाली गर्दी करून चिवचिवत असतील तर थंडी वाजते आहे, कडेला पळून चोच उघडून बसली असतील तर उकडते आहे. राणीखेतची पहिली लस, लासोटा, पाचव्या ते सातव्या दिवशी द्यायची असते. तिची बाटली बर्फातून आणावी लागते आणि उघडल्यावर लगेच संपवावी लागते, म्हणून मोहल्ल्यातल्या तीन-चार जणींनी अंडी एकाच दिवशी घातली तर एका बाटलीत सगळ्यांची पिल्ले होतात. पुढच्या अंकात इन्शाअल्लाह लसींचे वेळापत्रक देईन. तोवर ज्यांच्या अंड्यांत पिल्ले अडकली असतील त्यांनी अंडी फोडून पाहावीत, आत काय दिसले आणि कितव्या दिवशी, ते लिहून पाठवावे. नुसते "पिल्ले निघाली नाहीत" असे लिहू नये.